फोन बिघडला? रीसेट आणि दुकान, दोन्ही शेवटी

फोन चार्ज होईना किंवा हँग होऊ लागला की बहुतेकांची पहिली धाव फॅक्टरी रीसेटकडे असते, नाहीतर स्टेशनबाहेरच्या दुकानाकडे. रीसेट केल्यावर फोटो जातात आणि बिघाड पुष्कळदा तसाच राहतो, कारण तो केबलमध्ये किंवा चार्जिंगच्या जॅकमध्ये साचलेल्या कचऱ्यात असतो. दुकानात जाऊन "काहीतरी झालंय, बघा जरा" म्हटलं, की काय बदलायचं ते दुकानदार ठरवतो आणि बिल आपण भरतो. क्रम असा ठेवा: आधी माहिती वाचवा, मग फोनच्या बाहेरच्या वस्तू तपासा, मग फोनमधलं सॉफ्टवेअर, त्यानंतर रीसेट आणि सगळ्यात शेवटी दुकान.

या क्रमाला दोनच अपवाद आहेत. फोन भिजला असेल तर थेट टप्पा ३ वर जा. मागचं झाकण फुगलं असेल किंवा पडदा कडेने उचलला गेला असेल, तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. ती फुगलेली बॅटरी आहे. तिला टोक लागलं तर पेट घेऊ शकते.

आधी हे जमवा

- दुसरी चांगली चालणारी केबल आणि दुसरा अडॅप्टर. दोन्ही हवेत, एकाने भागत नाही.
- टॉर्च, लाकडी टूथपिक, मऊ कोरडा टूथब्रश.
- सिम काढायची पिन.
- गूगल खात्याचा (आयफोन असेल तर अ‍ॅपल खात्याचा) पासवर्ड. आठवतोय असं वाटणं पुरेसं नाही. दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर लॉगिन करून पाहा.
- ओटीजी कनेक्टर (फोनच्या जॅकला माउससारखी यूएसबी वस्तू जोडणारा छोटा जोड) आणि साधा वायरचा माउस. कशासाठी ते पुढे येईल.
- खरेदीचं बिल आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. डायलरवर *#०६# दाबलं की १५ आकडी क्रमांक दिसतो. फोन सुरूच होत नसेल तर तो खोक्यावर आणि बिलावर छापलेला असतो.

टप्पा १: माहिती बाहेर काढा

फोन सुरू आहे तोवर हे उरका. अर्धवट बिघडलेला फोन उद्या सुरू होईलच याची खात्री नसते.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जा आणि शेवटच्या बॅकअपची तारीख पाहा. अनेकांचा बॅकअप कित्येक महिन्यांपूर्वीच थांबलेला असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. अँड्रॉइडवर हा बॅकअप आता गूगल खात्याच्या मोफत १५ जीबीमध्येच मोजला जातो. फोटो आणि मेलनी ती जागा भरली की तो गुपचूप बंद पडतो. व्हिडिओ वगळून बॅकअप घेतला तर निदान संभाषणं वाचतात.

फोटो कॉम्प्युटरवर घेताना केबल जोडली तरी फोल्डर रिकामं दिसतं, ही नेहमीची तक्रार. फोन जोडला की तो आधी फक्त चार्ज होतो. लॉक उघडा, वरून सूचनांची पट्टी ओढा आणि यूएसबीच्या सूचनेत "फाइल ट्रान्सफर" निवडा.

टच मेला आहे पण पडदा दिसतोय? ओटीजी लावून माउस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण दिसतो. त्याने पॅटर्न काढता येतो, पिन टाकता येते आणि बॅकअपही घेता येतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक फोटोंवर पाणी सोडतात.

दोन गोष्टी कुठल्याच बॅकअपमध्ये आपोआप येतात असं धरून चालू नका: ओटीपीचे कोड देणारी ऑथेंटिकेटर अ‍ॅप्स, आणि बँकेची व यूपीआयची अ‍ॅप्स. ऑथेंटिकेटरचे कोड आधी दुसऱ्या फोनवर हलवा. यूपीआय नव्या फोनवर त्याच सिमवरून एसएमएस पाठवून पुन्हा नोंदवावं लागतं, म्हणून सिम चालू ठेवणं महत्त्वाचं.

तपासा: दुसऱ्या उपकरणावरून गूगल फोटोज उघडा, किंवा फोटो कॉम्प्युटरवर घेतले असतील तर तिथलं फोल्डर. कालचा फोटो तिथे दिसला तरच पुढे जा.

टप्पा २: सक्तीने रीस्टार्ट

पडदा काळा पडला म्हणजे फोन मेला असं नाही. पुष्कळदा आतलं सॉफ्टवेअर अडकलेलं असतं.

अँड्रॉइडवर बहुतेक फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून १० ते २० सेकंद धरा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलांवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं दाबून सोडा, मग कडेचं बटण अ‍ॅपलचं चिन्ह येईपर्यंत धरून ठेवा. इथे घाई नडते. "पॉवर ऑफ"ची पट्टी आली की लोक बोट काढतात. चिन्ह दिसेपर्यंत बोट काढायचं नाही.

बॅटरी पार उतरली असेल तर चार्जिंगला लावल्यावरही अर्धा तास पडद्यावर काहीच उमटत नाही. त्या अर्ध्या तासात दर दोन मिनिटांनी बटण दाबत बसू नका.

टप्पा ३: फोन भिजला असेल तर

जून ते सप्टेंबर, ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना किंवा वाशीला रिक्षातून पाय खाली टाकताना हे कधीही होऊ शकतं. नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि वीज एकत्र आली की जास्त नुकसान होतं. करंट सुरू असताना फोनच्या आतल्या बोर्डवरचा धातू झपाट्याने गंजतो. म्हणून:

१. ताबडतोब बंद करा. "चालतोय का" हे पाहायला कॅमेरा, स्पीकर, चार्जर काहीही लावू नका.

२. कव्हर काढा, सिमचा ट्रे बाहेर काढा, सुती कापडाने पुसा.

३. जॅक खाली येईल असा फोन धरा आणि तळहातावर हलकेच आपटा. जोरजोरात झटकू नका, त्याने पाणी आणखी आत जातं.

४. जॅक खालीच ठेवून पंख्यासमोर उभा करा. नुसता जॅक ओला असेल तर काही तास पुरतात. पाणी आत गेल्याची शंका असेल तर किमान २४ तास, पावसाळी हवेत ४८.

तांदळात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची पूड आणि कणी जॅकमध्ये अडकते. अ‍ॅपलच्या सूचनांमध्येही तांदूळ वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हेअर ड्रायरही नको. त्याच्या उष्णतेने पडद्याचा गोंद सुटतो.

पाणी गटाराचं, खाडीचं किंवा समुद्राचं असेल तर वाळायची वाट पाहू नका. पाणी उडून गेलं तरी क्षार बोर्डवर राहतात आणि गंज सुरूच राहतो. फोन बंद ठेवून त्याच दिवशी दुकानात न्या आणि "बोर्ड काढून आयपीएने धुवून द्या" असं सांगा. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. दुकानदाराला नेमकं कळतं.

आयपी ६७ किंवा ६८ (पाणी-धूळ आत न शिरण्याचं मानक) लिहिलेल्या फोनवरही फार विसंबू नका. आयपी ६७ म्हणजे १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं, तेही नव्या आणि कधीच न उघडलेल्या फोनसाठी. एकदा पडदा बदलला की आतलं सील आधीसारखं राहीलच असं नाही.

तपासा: अनेक फोनमध्ये सिम ट्रेच्या खोबणीत पांढरा ठिपका असतो. टॉर्च मारून पाहा. तो लाल किंवा गुलाबी झाला असेल तर पाणी आत पोचलं आहे, आणि सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारताना आधी तोच दाखवतं.

टप्पा ४: चार्ज होत नाही, किंवा फार हळू होतो

सर्वात जास्त फसगत इथेच होते. "चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) गेलाय" हे वाक्य ऐकायच्या आधी बाहेरून आत या क्रमाने जा.

भिंतीवरचा स्विचबोर्ड: एक्स्टेन्शनची ढिली पिन सोडा, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. कॉम्प्युटरच्या यूएसबीवरून निष्कर्ष काढू नका. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून साधारण अर्धा अँपिअरच मिळतो, फोन वापरत असाल तर टक्का जागचा हलतही नाही.

केबल आणि अडॅप्टर: एका वेळी एकच बदला. दोन्ही एकदम बदलले तर दोष कोणात होता ते कळत नाही. फास्ट चार्जिंगचं चिन्ह गायब झालं असेल तर संशय आधी केबलवर घ्या. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांचीच केबल आणि त्यांचाच अडॅप्टर दोन्ही असल्याशिवाय चालत नाही, फलाटावर घेतलेली केबल कितीही जाड असली तरी.

जॅक: खिशातले धागे, बॅगेतली धूळ आणि घामाचा ओलावा यांचा थर टाइप-सीच्या तळाशी बसतो. रोज लोकलच्या गर्दीत पँटच्या खिशात दाबून नेलेल्या फोनमध्ये तर हमखास. प्रत्येक वेळी केबल खोचताना तो आणखी घट्ट होतो आणि करड्या नमद्यासारखा दिसतो. टॉर्च मारल्याशिवाय तो जॅकचाच भाग वाटतो. खूण सोपी आहे. केबल पूर्ण बसली तर तिच्या टोकाचं प्लास्टिक फोनला टेकतं. मध्ये फट राहत असेल आणि केबल हलवल्यावर चार्जिंग जात-येत असेल, तर आधी कचरा काढा.

फोन बंद करा. टूथपिकचं टोक ब्लेडने चपटं करा. बाहेरच्या भिंतीला लावून, कोपऱ्यातून कचरा ओढून बाहेर काढा. मधोमध जी पातळ जीभ दिसते तिला हात लावायचा नाही. सगळे संपर्क तिच्यावरच असतात. सेफ्टी पिन, सुई, सिमची पिन यांतलं काहीही आत घालू नका. ती जीभ वाकली की जॅकच बदलावा लागतो. तोंडाने फुंकूही नका, फुंकरीबरोबर ओलावा आत जातो.

तपासा: केबल आता "टक" करून बसते का? बसली तर बहुतेक प्रश्न मिटला.

पाण्याच्या थेंबाचं चिन्ह किंवा "ओलावा आढळला" अशी सूचना येत असेल तर जबरदस्तीने चार्ज करू नका. पंख्यासमोर ठेवा. वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर फोनची पाठ पुसून, कोरडी करून तोवर तेच वापरा. पूर्ण कोरडा असूनही सूचना दिवसेंदिवस येत राहिली तर जॅकमध्ये गंज धरला आहे. तो दुकानातच साफ होईल किंवा बदलला जाईल. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये जॅक वेगळ्या छोट्या चार्जिंग बोर्डवर असतो, मदरबोर्डला हात लावावा लागत नाही. म्हणून "बोर्डचं काम आहे" असं सांगितलं तर कुठला बोर्ड, हे विचारा.

उष्णता: एप्रिल-मेच्या दुपारी मोटरसायकलच्या होल्डरवर, नकाशा सुरू ठेवून चार्जिंगला लावलेला फोन स्वतःहून चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. तो बिघाड नाही. सावलीत आणा, कव्हर काढा. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

टप्पा ५: बॅटरी

२०-३० टक्के असताना कॅमेरा उघडला आणि फोन एकदम बंद पडला, तर सॉफ्टवेअर शोधत बसू नका. जुनी बॅटरी अचानक लागणारी वीज देऊ शकत नाही, तिचा व्होल्टेज कोसळतो आणि फोन बंद होतो. आयफोनवर सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ इथे क्षमता दिसते. ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बदला. अँड्रॉइडमध्ये काही कंपन्या हा आकडा दाखवतात. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपच्या तपासणीत बॅटरीची स्थिती कळते.

पण बॅटरी दिवसभरात हळूहळू जास्त उतरते एवढंच असेल, तर सेटिंग्जमधल्या बॅटरी वापराच्या यादीत आधी पाहा. सर्वात वर न वापरलेलं अ‍ॅप असेल तर गुन्हेगार तेच. "बॅटरी सेव्हर", "क्लीनर", "बूस्टर" नावाची अ‍ॅप्स काढून टाका. ती स्वतःच पार्श्वभूमीवर चालत राहतात आणि वर जाहिराती दाखवतात.

टप्पा ६: हँग, गरम, आपोआप जाहिराती

१. साठवणीची जागा पाहा. १० टक्क्यांहून कमी मोकळी असेल तर दुसरं काही करण्यात अर्थ नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज इथे ५ एमबीहून मोठ्या फाइली वेगळ्या दिसतात. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ तिथेच सापडतील. गॅलरीतून पुसलेलं ट्रॅशमध्ये जातं आणि तिथे जागा अडवतं, तेही रिकामं करा.

२. सेफ मोड. बहुतेक अँड्रॉइडवर पॉवरचा मेनू आणा आणि "पॉवर ऑफ"वर बोट दाबून धरा. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स बंद असतात. तिथे फोन सुरळीत चालला तर दोष अ‍ॅपचा आहे. अलीकडे टाकलेली अ‍ॅप्स एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्येही तसाच अडकत असेल तर सिस्टीम किंवा हार्डवेअर.

३. पडदाभर जाहिराती येत असतील तर "इतर अ‍ॅपवर दाखवा" या परवानगीच्या यादीत अनोळखी नाव शोधा.

इशारा: वाहतुकीचं चलन, वीजबिल किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडून अ‍ॅप टाकलं असेल, तर आधी एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद करा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. फोन साफ करणं त्यानंतर.

टप्पा ७: रेंज, आवाज, टच

रेंज नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या त्याच कंपनीच्या सिमला रेंज आहे का ते पाहा. नसेल तर टॉवरचा प्रश्न. असेल तर एअरप्लेन मोड अर्धा मिनिट लावून काढा, मग तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. तिथे चाललं तर दोष फोनचा. *#०६# वर क्रमांकच येत नसेल किंवा नुसती शून्यं दिसत असतील तर सेटिंग्ज चाळत बसू नका, ते दुकानाचं काम. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर रेंज नाचत राहते. मोबाइल टॉवरचे अँटेना खालच्या बाजूला रोखलेले असतात. तिथे फोन बदलण्याआधी वायफाय कॉलिंग सुरू करून पाहा. "नेटवर्क सेटिंग्ज रीसेट" केल्यास वायफायचे सगळे पासवर्ड जातात, आधी लिहून ठेवा.

समोरच्याला आवाज जात नसेल तर रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये बोलून ऐका. तिथेही आवाज दबका आला तर माइक. खालच्या कडेचं भोक कव्हरने झाकलंय का पाहा. त्या भोकाला सिमची जागा समजून पिन खुपसणारे खूप असतात, आणि चांगला माइक जातो. कानाला आवाज कमी येत असेल तर वरची जाळी कोरड्या टूथब्रशने झाडा. कॉलमध्ये पडदा काळा होऊन परत उजळत नसेल तर टेम्पर्ड ग्लास काढून पाहा, तो सेन्सर झाकतो.

फोन स्वतःच टाइप करू लागला तर चार्जर काढा. थांबलं? मग अडॅप्टर हलक्या दर्जाचा आहे, पडदा ठीक आहे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर *#०*# दाबून टच तपासता येतो. पडद्यावरची हिरवी किंवा गुलाबी उभी रेषा कुठल्याही अपडेटने जात नाही. काही कंपन्यांनी भारतात अशा रेषांसाठी वॉरंटी संपल्यावरही ठरावीक मॉडेलांचे पडदे मोफत बदलून दिले आहेत. म्हणून बाहेर पैसे देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

टप्पा ८: रीसेट

सेफ मोडमध्येही फोन अडकत असेल आणि माहिती बाहेर काढून झाली असेल तरच.

सेटिंग्जमधून, लॉग इन असतानाच करा. बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून केला तर फोन सुरू होताना जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड किंवा जुनं स्क्रीन लॉक मागतो. ते आठवलं नाही तर चालू फोन खोक्यात पडतो. ई-सिम (फोनमध्येच डाउनलोड केलेलं सिम) असेल तर "डाउनलोड केलेली सिम पुसा" या खुणेला हात लावू नका. रीसेटनंतर जुनी अ‍ॅप्स न टाकता तासभर वापरून पाहा. तरीही तोच त्रास असेल तर हार्डवेअर. मग "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

टप्पा ९: दुकान

वॉरंटीत असेल तर फक्त अधिकृत केंद्र. बाहेर एकदा उघडला की वॉरंटीवर वाद होतो.

सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. स्क्रीन लॉक सांगू नका. सॅमसंगच्या नव्या फोनांत मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो, तो लावून दिला की कारागीर फोन तपासू शकतो पण तुमचे फोटो दिसत नाहीत. बाकीच्या फोनांसाठी काम समोर बसून करून घ्या. वाशीच्या सेक्टर १७ मध्ये किंवा ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला पडदा-बॅटरीचं काम बसल्या बैठकीत करून देणारे आहेत.

पडदा बदलताना "ओरिजिनल का?" हा प्रश्न निरुपयोगी, सगळे हो म्हणतात. "ओएलईडी आहे की एलसीडी?" असं विचारा. ओएलईडीच्या जागी स्वस्तातला एलसीडी बसवला तर पडद्याखालचा फिंगरप्रिंट चालत नाही. पावतीवर आयएमईआय, बदललेला भाग, रक्कम आणि त्या भागाची वॉरंटी लिहून घ्या, आणि जुना भाग परत मागा. फुगलेली बॅटरी मात्र घरी आणू नका, ई-कचऱ्यात द्यायला तिथेच ठेवा.

पैसे देण्याआधी काउंटरवरच पाहा: दोन्ही कॅमेरे, फिंगरप्रिंट, स्पीकर, एक कॉल, कॉलमध्ये पडदा काळा होणं, वायफाय, चार्जर लावून टक्का वाढणं, पडद्याच्या चारी कडा सपाट बसणं. काम नीट न करता पैसे अडवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही. दोन्हीकडे आधी मागतात ती पावती.